मुरमाचा गोल, पंपावरचे पेट्रोल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण खुला झाला आणि त्याचे मुंबईकडचे तोंड म्हणून कळंबोलीचे नाव घाटावरच्या माणसालाही पाठ झाले. इथे लोखंड बाजार आहे, त्याच्या आसऱ्याने थांबणारे ट्रक आहेत, आणि ट्रकांच्या आसऱ्याने क्लच, नोझल, वेल्डिंग, लेथची कामे करणारी माणसे आहेत. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री इथे शोधावा लागत नाही. तरीही इंधनावर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते ऐपतदार घरातल्या मुलाचे परदेशी खेळणे. या खेळाच्या एका शाखेचा, म्हणजे लांबट गोल मार्गावर होणाऱ्या ओव्हल शर्यतीचा, इथे आढावा घ्यायचा आहे. त्यातून एक मतही मांडायचे आहे. हा खेळ कळंबोलीसारख्या ठिकाणी रुजू शकेल, पण नायट्रोच्या, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनाच्या, डब्यावर रुजणार नाही. रुजलाच तर तो पंपावरच्या पेट्रोलवर, गवत कापण्याच्या यंत्रातल्या इंजिनावर आणि मुरमाच्या साध्या गोलावर रुजेल.

इंधनावरच्या छोट्या गाड्यांचे मूळ विमानांच्या प्रतिकृतींत आहे. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने 1947 मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनाला बॅटरी, कॉइल, पॉइंट हे ओझे वाहण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात दोरीला बांधून गोल फिरवायची विमाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तिखट वासाचे, कर्कश इंजिन ओळखीचे आहे. रेडिओवर चालणारी मोटार बाजारात आली ती इटलीतून, 1966 मध्ये. एल-जी नावाच्या कंपनीची ती फेरारी विजेवर चालायची. त्यानंतर विमानाची इंजिने गाड्यांत बसवली गेली, 1967 मध्ये अमेरिकेत रोअर ही संघटना निघाली, आणि मग दोन घराणी पडली. एक नायट्रोचे, साडेतीन घनसेंटिमीटरच्या आसपासच्या इंजिनांचे, वळणावळणाच्या ट्रॅकवर धावणारे. दुसरे खऱ्या गाडीच्या चौथ्या हिश्शाच्या मापाचे. त्यात 23 घनसेंटिमीटर किंवा त्याहून थोडे मोठे, साध्या पेट्रोलवरचे, स्पार्क प्लगचे इंजिन असते. अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या मातीच्या ओव्हलवर ज्या मोटारी धावतात, त्यांची नक्कल करत हे दुसरे घराणे वाढले. आपल्याकडे आरसी कार म्हटले की पहिल्या घराण्याचीच चर्चा होते, दुसऱ्याचे नावही फारसे कानावर येत नाही. माझ्या मते इथेच गफलत होते.

नायट्रोचे आकर्षण खरे आहे, आणि ते आधी समजून घेतले पाहिजे. त्याच्या इंधनात बहुतांश मिथेनॉल असते, दहा ते तीस टक्के नायट्रोमिथेन असते आणि वंगणासाठी कृत्रिम तेल किंवा चक्क एरंडेल असते. पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या पावणेपंधरा पट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा पटीच्या आत आणि नायट्रोमिथेनला जेमतेम पावणेदोन पट. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येते, आणि चिमूटभर इंजिनातून निघणारा जोर तिथून येतो. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टने ते लाल करायचे, पुढे मिथेनॉलच्या संपर्काने आणि आतल्या उष्णतेने ते आपले आपण धगधगत राहते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, भोवतीची नळी पितळेची आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. ही नळी वरच्या बाजूला किंचित अरुंद असते, त्यामुळे थंड इंजिन हाताने फिरवले तर वर पोचताना पिस्टन अडकल्यासारखा होतो. इंजिन शंभर अंशांच्या पुढे तापले की नळी फुलते आणि माप बरोबर जुळते. हे सगळे एका सुईवर तोललेले असते. सुई पाव आटा जास्त आवळली की मिश्रण पातळ होते, गाडी दोन फेऱ्या भन्नाट पळते आणि तिसऱ्या फेरीत इंजिन जाम होते. पाव आटा सैल सोडली की धूर निघतो आणि पिकअप बसतो. 35 अंश तापमान आणि 80 टक्के दमटपणा असेल तर हवेच्या दर शंभर भागांत चार-साडेचार भाग नुसती वाफ असते, तेवढा प्राणवायू कमी. पनवेल पट्ट्यात सकाळी लावलेली सुई दुपारी चुकते ती त्यामुळे. ही विद्या सुंदर आहे यात शंका नाही.

पण ज्या मिथेनॉलवर ही विद्या उभी आहे, त्याचा महाराष्ट्रातला इतिहास काळा आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे गेली. राज्यात मिथेनॉल हे विष म्हणून परवान्याच्या चौकटीत येते आणि तसेच यायला हवे. तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना बिनलेबलचा डबा घरात ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणजे पिटमध्ये सांडलेले इंधन पेटले तर पहिली खूण हाताला बसलेला चटका हीच. ते हवेतले पाणीही ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात झाकण नीट न लावलेला डबा काही दिवसांत कामातून जातो. नायट्रोमिथेनची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण स्फोटके बनवण्यात त्याचा उपयोग होऊ शकतो. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2021 पासून 16 टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सर्वसामान्य ग्राहकाला देण्यावर बंधन घातले. हौशी लोक यावर म्हणतात की बंद डब्यातले तयार इंधन काळजीपूर्वक वापरले तर धोका नाही. एका जाणत्या हौशी माणसापुरते ते खरे आहे. पण खेळ रुजवायचा म्हणजे तो पन्नास पोरांच्या हाती द्यायचा, आणि ज्याचा पुरवठा परवान्याच्या आणि आयातीच्या दोरीला लटकलेला आहे, असे इंधन पन्नास पोरांच्या हाती देता येत नाही, देऊही नये.

आता दुसऱ्या घराण्याकडे पाहू. पावसाळा सरत आला की रायगड-रत्नागिरीत भाताच्या बांधांवर, आंब्याच्या बागांत पाठीला अडकवलेली गवत कापायची यंत्रे सुरू होतात. त्यांतल्या दोन-स्ट्रोक इंजिनाची आणि पेट्रोलवरच्या रिमोट गाडीच्या इंजिनाची जात एकच. या गाड्यांच्या जगात ज्या जपानी झेनोआ इंजिनांचे नाव घेतले जाते, ती कंपनीच मुळी गवत आणि झाडे कापायच्या यंत्रांची. दोन्हीकडे दोरी ओढून स्टार्ट मारायचा, दोन्हीकडे लिटरभर पेट्रोलात मापाने टूटी ऑइल मिसळायचे. पंचवीसास एक हे प्रमाण धरले तर लिटरला चाळीस मिलिलिटर. कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो, त्यामुळे यंत्र आडवे झाले तरी इंधन येत राहते. माळ्याला उतारावर जे लागते तेच गाडीला वळणावर लागते. क्लचही तोच. इंजिन मंद असताना आतल्या दोन गुटक्या स्प्रिंगने आवळलेल्या असतात, रेस दिली की त्या बाहेर फेकल्या जाऊन भांड्याला घट्ट भिडतात आणि पाते किंवा चाक फिरू लागते. यंत्राचा पडदा फाटला, पिस्टन रिंग झिजली, प्लग काळा पडला, तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या बाजारात बसलेला आहे. नायट्रोच्या इंजिनाची पितळी नळी झिजली तर नवा जोड परदेशातून मागवण्याशिवाय सहसा इलाज नसतो. खेळ टिकतो तो सुटा भाग किती लवकर मिळतो यावर, आणि या कसोटीवर पेट्रोलच्या गाडीला इथे तोड नाही. गाडीचा सांगाडा म्हणजे तर ॲल्युमिनियमचा पत्रा, लोखंडी नळी आणि चार वेल्ड. लोखंड बाजाराच्या दारात त्यासाठी काय कमी आहे?

इंजिनाचा प्रश्न सुटला तरी गोलाबद्दलचा आक्षेप उरतोच. एकाच दिशेने गोल गोल फिरण्यात कसली आली शर्यत, असे अनेकांना वाटते. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ‘फुल थ्रॉटल’ या नावाने विद्यार्थ्यांनी बांधलेल्या इंधनाच्या गाड्यांची स्पर्धा होत आली, आणि आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांत या प्रकाराची ओळख झाली ती बरीचशी अशा महोत्सवांमुळे. तिथले मार्ग चढउतारांचे, अडथळ्यांचे. अशा मार्गावर जिंकते ती न मोडणारी गाडी. त्याला महत्त्व आहेच, पण गाडी कशी बसवली आहे याची बारीक परीक्षा तिथे होत नाही. ओव्हलवर वळण नेहमी डावीकडे, फेरीमागून फेरी तेच, त्यामुळे चूक लपत नाही. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेच्या बैलाला भराभर चालावे लागते. गाडीच्या मागच्या दोन चाकांचे हेच होते. चौथ्या हिश्शाच्या ओव्हल गाडीचा मागचा आस सलग असतो, दोन्ही चाके सारखेच फेरे मारतात. मग बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कापायचे कसे? त्यासाठी उजव्या चाकाचा घेरच मोठा ठेवतात. वळणाची त्रिज्या दहा मीटर आणि दोन चाकांमधले अंतर चाळीस सेंटिमीटर धरले, तर हिशेबाने हा फरक चार टक्के येतो. म्हणजे सतरा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला घेरात दोन सेंटिमीटर. टेप लावून टायर निवडायचे, वजन डावीकडे सरकवायचे, उजव्या पुढच्या चाकाचा कल बदलायचा आणि पुन्हा दहा फेऱ्या मारून घड्याळ बघायचे. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल उभ्या भिंतीवर का चिकटते हे पुस्तकात वाचलेल्या मुलाला वळणाच्या बाहेरच्या कडेला चढ दिला की वेग किती वाढतो, हे इथे हाताने करून बघता येते. मुरमावर सपाट वळण दहा मीटर त्रिज्येचे असेल आणि पकड वजनाच्या आठ-दशांश धरली, तर ताशी 32 किलोमीटरच्या पुढे गाडी सरकायला लागते. तो सरकणारा मागचा भाग उलट स्टिअरिंग देऊन सांभाळणे, हेच या शर्यतीतले कसब.

आवाजाचा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. तो टाळून चालणार नाही, त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि औद्योगिक भागात 75 ही मर्यादा आहे. समजा, चांगला सायलेन्सर लावलेली एक गाडी दहा मीटरवर 85 डेसिबल आवाज करते. सहा गाड्या एकत्र धावल्या की त्यात सुमारे आठची भर पडून 93 होतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या ढोबळ हिशेबाने औद्योगिक मर्यादेत यायला 80 मीटर पुरतात, व्यापारी मर्यादेला अडीचशे मीटर लागतात आणि निवासी मर्यादेला आठशे. याचा अर्थ स्पष्ट आहे. सिडकोने वसवलेल्या सेक्टरांच्या इमारतींमध्ये, शाळेच्या मैदानात किंवा उद्यानाच्या कडेला असा ट्रॅक कधीही होऊ नये, कितीही हौस असली तरी. मातीचा बांध घालून, सायलेन्सरची तपासणी करून हे अंतर कमी करता येईल, पण बाजाराची किंवा कारखान्यांची बाजू सोडून घरांच्या बाजूला येता येणार नाही. कळंबोलीचे वेगळेपण असे की इथे दोन्ही बाजू आहेत आणि त्यांतली एक मुळातच यंत्रांसाठी आखलेली आहे.

धोक्याचेही तसेच. दहा-बारा किलोची गाडी ही खेळणे नाही. बारा किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरने येत असेल, तर तिच्यात सुमारे सोळाशे-सतराशे ज्यूल ऊर्जा असते. ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सव्वाशेच्या आत. चौदापट फरक. म्हणून कडेला नुसती दोरी बांधून, पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या प्रेक्षकांसमोर ही शर्यत लावणे गुन्हा ठरावा. जुन्या टायरांची भिंत, तिच्यामागे जाळी, आणि चालवणाऱ्यांसाठी उंच मचाण एवढे तरी हवेच. सिग्नल तुटताच थ्रॉटल बंद होऊन ब्रेक लागणारी फेलसेफ यंत्रणा प्रत्येक गाडीत तपासूनच ती मैदानात सोडावी. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भारतात 2005 मध्ये परवानामुक्त झाली आणि त्या लहरीवरचे रेडिओ आल्यावर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी भरकटण्याचा जुना प्रश्न जवळपास संपला. पण बॅटरी संपते, वायर निसटते, आणि त्या एका क्षणासाठीच भिंत लागते. ओव्हलचा इथे एक फायदा आहे. गाडी सुटली तर ती बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते, त्यामुळे भिंत कुठे भक्कम हवी आणि माणसे कुठे बसवायची, हे आधी ठरवता येते.

विजेच्या गाड्यांचे समर्थक म्हणतील की हा सगळा खटाटोप कशाला? विजेची गाडी शांत आहे, धूर नाही, वेगही कमी नाही, आणि जगभर ओव्हलची शर्यतसुद्धा मोठ्या प्रमाणात विजेवरच होते. हे सगळे मला मान्य आहे. घराजवळ, हॉलमध्ये, लहान मुलांसाठी विजेचीच गाडी असावी. दोन-स्ट्रोक इंजिनातून न जळलेले पेट्रोल तेलासकट बाहेर पडते, हा त्याचा जन्मदोष आहे आणि रस्त्यांवरून ती इंजिने गेली ते योग्यच झाले. शर्यतीच्या दिवसाला दहा गाड्यांना मिळून काही लिटर पेट्रोल लागेल, ट्रकांच्या डिझेलपुढे ते काहीच नाही, असा युक्तिवाद मी करणार नाही, कारण शेजाऱ्याचा कचरा दाखवून आपला झाकता येत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. कोकणात गवताच्या यंत्रांत आणि पाठीवरच्या फवारणी पंपांत हीच छोटी इंजिने अजून राबताहेत. त्यांना समजून घेणारी, कमी धूर काढत चालवणारी पिढी लागणारच आहे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलाला, कामोठ्याच्या एमजीएममधल्या किंवा नवीन पनवेलच्या पिल्लई कॉलेजमधल्या यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे इंजिन उघडून, मोजून, पुन्हा बसवून त्याच दुपारी धावताना बघता येते. मिश्रण बदलले की आवाज बदलतो, धुराचा रंग बदलतो, प्लगच्या टोकाचा रंग बदलतो, आणि फेरीची वेळ सांगते की अंदाज बरोबर होता की चूक. विजेच्या गाडीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते हे नाही.

राहिला जागेचा आणि प्राधान्याचा प्रश्न. कबड्डीला, क्रिकेटला, चालायला जागा नाही, तिथे गाड्यांना कुठून आणणार, हे कोणीही विचारेल. चाळीस मीटरचे दोन सरळ पट्टे, आठ मीटर आतल्या त्रिज्येची वळणे आणि पाच मीटर रुंदी धरली, तर लागणारे क्षेत्र 66 बाय 26 मीटर होते. फुटबॉलच्या पूर्ण मैदानाचा जेमतेम पाव हिस्सा, वर भिंतीसाठी आणि पिटसाठी थोडे. फेरी सुमारे दीडशे मीटरची. वळणावळणाच्या डांबरी ट्रॅकला लागणारा खर्च आणि आखणी इथे नाही. मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, आणि शर्यतींच्या मध्ये पुन्हा पाणी. जून ते सप्टेंबर इथला पाऊस असा असतो की हा गोल बंदच ठेवावा लागेल, त्यामुळे जागा कायमची अडवण्याचा प्रश्नही येत नाही. हंगाम संपला की मुरूम सपाट करून ती परत देता येते. नवी मुंबई विमानतळ 2025 मध्ये सुरू झाल्यापासून या परिसरात विमानांच्या प्रतिकृती आणि ड्रोन उडवण्यावर साहजिकच बंधने आहेत. इंजिनाची हौस असणाऱ्यांना जमिनीवरचा मार्ग त्यामुळेही सोयीचा. आणि नियमांचे म्हणाल, तर त्याचा धडा आपल्याच मातीत आहे. बैलगाडा शर्यती 2014 मध्ये बंद झाल्या, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला तेव्हा त्यांची वाट पक्की झाली. अंतराची मर्यादा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि आयोजकांची जबाबदारी लेखी ठरली म्हणून ती झाली. रायगडात या शर्यतींचे वेड काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसत्या वेडाने परवानगी मिळाली नव्हती. छोट्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी आधी मैदान मागण्याऐवजी आधी नियमावली लिहावी, असे मला मनापासून वाटते. इंधन फक्त पंपावरचे पेट्रोल, इंजिनाच्या मापाला कमाल मर्यादा, आवाजाची मोजणी, फेलसेफची तपासणी, भिंतीची उंची, अग्निशामक सिलिंडर आणि विमा. दोन पानांत मावेल एवढेच ते आहे.

पनवेल महापालिका, सिडको आणि लोखंड बाजारातले व्यापारी यांच्याकडे म्हणून एकच मागणे आहे. बाजाराच्या बाजूचा, घरांपासून दूरचा एक मोकळा भूखंड नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत, परिसरातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी कॉलेजांच्या जबाबदारीवर वापरायला द्यावा. शेजारच्या इमारतींत आवाज मोजावा आणि आकडे जाहीर करावेत. ते 55 च्या वर गेले, तर पुढच्या वर्षी परवानगी देऊ नये.